झोपेत चालणं, किंचाळणं, छातीवर भार येणं: आधी घड्याळ बघा

रात्री साडेनऊला झोपलेलं पाच वर्षांचं लेकरू अकराच्या सुमारास ताडकन उठून बसतं. डोळे सताड उघडे, अंग घामानं निथळतंय, छाती धडधडतेय आणि गळा काढून ओरडणं चालू आहे. आई जवळ घ्यायला जाते तर तिलाच ढकलतं. पाच-सात मिनिटांनी आपोआप आडवं होतं आणि गाढ झोपतं. सकाळी विचारलं तर त्याला काहीच ठाऊक नसतं. घरच्यांची रात्र मात्र गेलेली असते, आणि दिवस उगवायच्या आत कुणीतरी म्हणून गेलेलं असतं, "बाहेरचं दिसतंय, दाखवून आणा."

कुणाला दाखवायचं ते ठरवण्याआधी एक गोष्ट लिहून ठेवा. झोप लागल्यापासून किती वेळानं हे झालं? रात्रीच्या बहुतेक प्रकारांचा निम्मा उलगडा या एका उत्तरात असतो.

रात्रीची झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. प्रत्येक फेरीत हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप असते, पण वाटणी सारखी नसते. गाढ झोप बहुतेक पहिल्या दोन फेऱ्यांतच उरकते, तर स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते. या स्वप्नांच्या झोपेला डॉक्टर रेम झोप म्हणतात. तीत मेंदू हातापायांचे स्नायू जवळजवळ लुळे करून ठेवतो, म्हणून स्वप्नात कितीही पळालं तरी माणूस अंथरुणातच राहतो. गाढ झोपेत हा लगाम नसतो. तिच्यातून जाग अर्धवटच आली तर मेंदूचा हालचालींचा भाग उठतो आणि समज-आठवणीचा भाग झोपूनच राहतो. मग माणूस चालतो, कडी काढतो, बडबडतो, पण त्याला कळत काही नाही. हा स्वप्नाचा खेळ नसून अर्धवट जागेचा विकार आहे, ही मांडणी रॉजर ब्रॉटन यांनी १९६८ मध्ये केली आणि ती आजही टिकून आहे.

म्हणजे हिशेब असा बसतो. झोप लागल्यापासून एक ते तीन तासांत उठून चालणं, किंचाळणं किंवा उठून बसून भलतंच बरळणं झालं, तर ती बहुधा गाढ झोपेतली अर्धवट जाग. पहाटे घाबरून उठलं, पूर्ण जागं आहे, आईला बिलगतं आणि "वाघ मागं लागला होता" असं सांगतं, तर ते साधं वाईट स्वप्न. झोप लागताना किंवा उठताना अंग जखडलं, तर तो तिसराच प्रकार. आणि रात्रीत दोन-चार वेळा, कुठल्याही प्रहरी, अर्धा-एक मिनिटच, पण दरवेळी हुबेहूब तशीच हालचाल होत असेल तर आधी फिटची शंका घ्यायची. हिशेब भिंतीवरच्या वेळेचा नाही, झोप लागल्यापासूनचा करायचा. रात्रपाळीची लाइट आली म्हणून रानात दारं धरून, म्हणजे पिकाला पाणी देऊन, पहाटे चारला आडवा झालेला माणूस सहाला उठून चालू लागला, तर ती त्याची पहिली गाढ झोप असते.

किंचाळणाऱ्या लेकराजवळ काय करायचं

थोडक्यात सांगायचं तर फारसं काही करायचं नाही, आणि तेच अवघड जातं. मोठा दिवा लावू नका, झिरोचा बल्ब पुरे. गदागदा हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका, घट्ट आवळून धरू नका. धरलं की ते जास्त झटतं, आणि पाच मिनिटांचा प्रकार पंधरावर जातो. हाताच्या अंतरावर बसा. डोकं भिंतीवर किंवा बाजेच्या माचव्यावर आपटणार नाही एवढं बघा, मध्ये उशी सरकवा. हळू आवाजात एकच वाक्य म्हणत राहा, "मी इथंच आहे, झोप." प्रश्न विचारू नका, त्यांची उत्तरं द्यायला तो जागाच नाही. अंग सैल पडलं की आडवं करा आणि पांघरूण घाला. बहुतेक वेळा एक ते दहा मिनिटांत आटोपतं, क्वचित वीस मिनिटं चालतं.

चालणाऱ्याच्या वाटेत समोरून उभं राहू नका. बाजूनं जा, कोपराला किंवा खांद्याला हलका हात लावून त्याला अंथरुणाकडे वळवा. बहुतेक जण मुकाट वळतात. झोपेत चालणाऱ्याला उठवलं तर तो वेडा होतो किंवा त्याचा जीव जातो, ही समजूत खरी नाही. उठवू नये ते एवढ्याचसाठी, की तो गोंधळतो आणि घाबरून हात उगारू शकतो. पण जिन्याकडे, रस्त्याकडे, आडाकडे निघाला असेल तर बिनधास्त पकडा. तो उठला तरी चालेल.

सकाळी त्याची नक्कल करून दाखवू नका. भावंडांनाही तंबी द्या. झोपायलाच घाबरणारं लेकरू कमी झोपतं, आणि कमी झोप हेच या प्रकाराचं सगळ्यात मोठं खतपाणी.

आता कांदा आणि चपलेबद्दल. दोन्ही हुंगवून काही होत नाही, फिट असेल तरीही नाही. फिटमध्ये कुशीवर वळवायचं, गळ्याजवळचं बटण सैल करायचं, तोंडात चमचा किंवा बोट घालायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन लावायचा. मीठ-मोहरीनं दृष्ट काढून आजीला समाधान मिळत असेल तर मिळू द्या, त्यानं नुकसान नाही. नुकसान पुढच्या पायरीवर आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीनं बांधणं, छडीनं मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय ज्याला रात्री काय झालं ते आठवतच नाही, त्या लेकराला दिवसा धुरी दिली तर नवी भीती लागते, आणि रात्रीचा प्रकार वाढतो.

घर, माळवद आणि आड

या विकारानं जीव जात नाही, पडण्यानं जातो. म्हणून औषधाच्या आधी घर बघायचं, आणि आपल्याकडच्या घरांचे धोके पुस्तकातल्या घरांपेक्षा वेगळे आहेत.

मार्च ते जून मराठवाड्यातलं निम्मं गाव माळवदावर (मातीच्या सपाट छतावर), गच्चीवर किंवा अंगणात झोपतं. जुन्या माळवदाला कठडा बहुधा नसतोच, आणि नव्या स्लॅबला असला तरी अनेकदा गुडघ्याएवढा. झोपेत चालणाऱ्यानं वर झोपायचं नाही. यात "कडेला झोपवू नका, मधे झोपवा" अशी तडजोड चालत नाही, कारण तो झोपल्या जागी राहत नाही हीच तर अडचण आहे. उकाडा असह्य असेल तर खाली अंगणात, फाटक लावून, मोठ्या माणसाच्या शेजारी. दुमजली बेड नको. बाज उंच असेल तर खाली वाकळ टाकून जमिनीवरच झोपवा.

दाराची कडी त्याचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर दुसरी बसवा, मोठ्यांच्या डोळ्यांच्या पातळीला. पण बाहेरून कुलूप लावू नका, आग लागली तर तो आत अडकतो. दारावर आवाज करणारं काहीतरी हवं. बाजारातला बॅटरीवरचा दार-अलार्म चालतो, पण पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालतो ती घुंगरमाळ त्याहून स्वस्त आणि लाइट गेली तरी वाजणारी. ती कडीला नुसती टांगू नका, तो कडी अलगद काढतो आणि माळ हलतही नाही. एक टोक दाराच्या फळीला आणि दुसरं चौकटीला खिळ्यानं अडकवा, माळ जराशी ताणलेली ठेवा. दार चार बोटं उघडलं तरी ती खिळ्यावरून निसटून खाली पडते, आणि फरशीवर पडलेल्या माळेला घर उठतं.

बाकीचं भराभर उरकता येतं. जिन्याला फळीचं फाटक. आडावर जाळी आणि पाण्याच्या हौदावर झाकण. शेततळ्याला तारेचं कुंपण, कारण प्लास्टिकच्या कागदावरून घसरलेल्याला वर येता येत नाही. विळा, कोयता, कुऱ्हाड पेटीत कुलपात. सिलेंडरचं रेग्युलेटर रात्री बंद. मोठा माणूस चालणारा असेल तर मोटारसायकल आणि ट्रॅक्टरची चावी दुसऱ्याच्या उशाखाली.

ऊसतोडीला बीड भागातून निघणाऱ्या कुटुंबांची कोपी, म्हणजे फडाजवळची तात्पुरती झोपडी, ही सगळ्यात अवघड जागा. दाराला कडी नाही, बाहेर बैल, गाड्या, कधी कॅनॉल. तिथं लेकरू आई आणि बाप यांच्या मधे झोपवायचं, आणि कोपीच्या तोंडावर आतल्या बाजूनं मोठ्या माणसानं आडवं झोपायचं. लेकराच्या पायाला दोरी बांधून ती आपल्या हाताला बांधणं टाळा, झटापटीत ती गळ्याला गुंतू शकते.

हे वाढतं कशानं

वळण आनुवंशिक असतं. कॅनडातल्या क्युबेकमध्ये झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आईवडिलांपैकी कुणीच झोपेत चालत नव्हतं अशा मुलांतली सुमारे २२ टक्के कधी ना कधी चालली. एक पालक चालणारा असेल तर ४७ टक्के आणि दोघेही असतील तर ६१ टक्के. तेव्हा आजोळी आणि बापाच्या घरी दोन्हीकडे विचारा, "लहानपणी कोण उठून चालायचं?" हमखास कुणीतरी निघतं. त्या काकाला आज काही झालेलं नसतं, आणि घरच्यांना सगळ्यात मोठा दिलासा तोच असतो. किंचाळणं साधारण शाळेत जाण्याच्या आधीच्या वयात जास्त दिसतं आणि चालणं आठ ते बारा वर्षांत. वयात येईपर्यंत बहुतेकांचं थांबतं.

वळण असलं तरी रोज घडत नाही. त्याला निमित्त लागतं, आणि पहिलं निमित्त अपुरी झोप. झोप थकली की मेंदू दुसऱ्या रात्री गाढ झोप जास्त ओढून घेतो, आणि अर्धवट जागेची शक्यता त्याच झोपेत असते. सप्ताहाच्या जागरणानंतर, वरातीनंतर, जत्रेनंतर दुसऱ्या रात्री लेकरू चाललं तर नवल मानू नका. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला १० ते १३ तास झोप लागते, सहा ते बारा वर्षांच्याला ९ ते १२ आणि त्यापुढच्या मुलांना ८ ते १०. अंगणवाडी सुटून शाळा लागली की दुपारची झोप एकदम बंद होते आणि त्याच महिन्यात किंचाळणं सुरू होतं, हा नेहमीचा क्रम. दुपारची झोप पुन्हा सुरू केली, किंवा रात्री अर्धा-पाऊण तास आधी झोपवलं, एवढ्यानंच पुष्कळ घरांत हे कमी होतं.

बाकी निमित्तं म्हणजे ताप, भरलेलं मूत्राशय, परक्या घरातली झोप, परीक्षा, घरातली भांडणं, पंखा बंद पडून आलेला घाम. झोपण्याआधी लघवीला नेणं ही बिनपैशाची गोष्ट आहे, करून बघा.

दोन कारणं मात्र नजरेतून सुटतात. पहिलं म्हणजे घोरणं. लेकरू तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं, मधेच श्वास अडकून दचकतं, सकाळी डोकं दुखतं. टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढलेल्या असतात, श्वास अडला की गाढ झोप मोडते आणि ते चालू लागतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्यावर इलाज केला की चालणंही कमी होताना दिसतं. दुसरं म्हणजे संध्याकाळपासून पाय वळवळणं, "पाय दाबून दे" म्हणून रडणं. याचा संबंध अंगातल्या लोहाच्या साठ्याशी असतो. हिमोग्लोबिन बरं असूनही साठा कमी असू शकतो, त्यासाठी फेरिटिनची तपासणी सांगा. लोहाच्या गोळ्या मनानं देऊ नका, जास्त झालं तर विषबाधा होते.

ठरल्या वेळी उठवण्याचा उपाय

आठवड्यातून तीन-चारदा आणि जवळपास एकाच वेळी होत असेल, तरच हा उपाय करा. आधी चौदा रात्री वहीत लिहा: झोप कधी लागली, प्रकार कधी झाला, किती मिनिटं चालला, त्या दिवशी ताप, जागरण, प्रवास काही होतं का.

समजा साडेनऊला झोप लागते आणि बहुतेक वेळा अकरा ते सव्वाअकराला प्रकार होतो. तर रोज दहा चाळीसला, म्हणजे वीसेक मिनिटं आधी, उठवायचं. नाव घेऊन, पाठीवरून हात फिरवून. डोळे उघडून एक-दोन शब्दांत नीट उत्तर आलं की पुरे, मग परत झोपू द्यायचं. "हूं" हे उत्तर नव्हे. तीन ते चार आठवडे रोज, एकही रात्र न चुकवता.

हा फसतो तो ठरावीक कारणांनी. झोपेची वेळ रोज बदलते, मग दहा चाळीस हा आकडाच निरर्थक होतो. पाच दिवस बरं वाटलं म्हणून लोक सोडून देतात. किंवा उठवून मोबाइल हातात देतात आणि लेकरू तासभर जागतं, म्हणजे झोप आणखी तुटली. आठवडाभर करूनही तो प्रकार पुढं सरकून बाराला होऊ लागला, तर उठवण्याची वेळही तेवढीच पुढं न्या.

फिट की झोपेचा प्रकार: मोबाइल कामाला लावा

डॉक्टरांसमोर कितीही वर्णन केलं तरी दोन मिनिटांचा व्हिडिओ जास्त सांगतो. चेहऱ्यावर बॅटरी मारू नका, खोलीतला मंद दिवा लावा. हात, पाय, चेहरा एकाच चौकटीत घ्या. सुरुवात हुकली तरी चालेल, शेवट हुकू देऊ नका. मधे एकदा नाव घेऊन हाक मारा आणि "उजवा हात वर कर" म्हणा, तो काय करतो ते दिसू द्या. शेवटी घड्याळ दाखवून बंद करा.

फिटकडे बोट दाखवणाऱ्या खुणा अशा: प्रत्येक वेळी तंतोतंत तीच हालचाल, एक हात ताठ होणं, सायकल चालवल्यासारखे पाय, जीभ चावली जाणं, दिवसाही असं होणं. एकदा काढलेला ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) बरा आला म्हणून फिट नाहीच असं होत नाही. व्हिडिओ बघून डॉक्टर झोप मोडून काढायचा ईईजी सांगू शकतात.

मोठ्या माणसांचं

लहानपणी कधी नव्हतं आणि चाळिशीत चालणं सुरू झालं, तर लेकरासारखं "जाईल आपोआप" म्हणून सोडू नका. आधी गोळ्यांची पिशवी बघा. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीनं माणूस झोपेत उठून जेवतो, गाडीही चालवतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१९ मध्ये तिच्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. एकदा जरी असं झालं तरी ती गोळी पुन्हा घ्यायची नाही आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरांना कळवायचं. दारू आणि ती गोळी एकत्र तर नकोच.

पन्नाशी-साठीतले बाबा पहाटे शिव्या देत हवेत ठोसे मारतात, लाथ झाडतात, बाजेवरून पडतात, आणि उठवल्यावर सांगतात, "चोर शिरला होता रानात." हे झोपेत चालणं नव्हे. स्वप्नांच्या झोपेतला लगाम सुटलेला असतो. अमेरिकेतल्या शेंक आणि माहोवाल्ड यांनी १९८६ मध्ये हा विकार वेगळा ओळखला. याच्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण यातल्या बऱ्याच जणांत पुढं काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच्या जातीचा मेंदूविकार दिसतो. वास कमी येणं आणि जुनाट बद्धकोष्ठ सोबत असेल तर तेही मेंदूविकारतज्ज्ञांना सांगा. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही हे सुरू होतं. डॉक्टरांना दाखवेपर्यंत आईंनी वेगळं झोपावं, उशाची काठी हलवावी, बाज भिंतीपासून दूर घेऊन दोन्ही बाजूंना गाद्या टाकाव्यात. क्लोनाझेपाम किंवा मेलाटोनिन डॉक्टर देतील. शेजाऱ्याची क्लोनाझेपाम आणून देऊ नका, घोरणाऱ्याचा श्वास तिनं आणखी मंदावतो आणि म्हातारं माणूस रात्री लघवीला उठताना पडतं.

छातीवर कुणीतरी बसलंय

लातूरला शिकवणी लावलेली पोरं रात्री एकला झोपून पहाटे पाचला उठतात, त्यांच्यात हे फार. डोळे उघडतात, खोली दिसते, पण बोट हलत नाही, ओरडता येत नाही, छातीवर भार, कोपऱ्यात कुणीतरी उभं. स्वप्नांच्या झोपेतला लगाम उठल्यावरही काही सेकंद ते एक-दोन मिनिटं सुटायचा राहतो, एवढंच. कोपऱ्यातला माणूस हे जागेपणी सांडलेलं स्वप्न. त्या वेळी सगळं अंग उचलायचा आटापिटा करू नका. पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा, श्वास मोजा. उताणं झोपू नका, कुशीवर झोपा. रोज सात-आठ तास, ठरल्या वेळी. दिवसा वर्गात बसल्या-बसल्या अनावर झोप येत असेल किंवा हसताना गुडघे ढिले पडत असतील, तर मात्र वेगळी तपासणी लागते.

कुठं दाखवायचं

महिन्यातून एखाद-दुसरा प्रकार, लेकरू दिवसा ठणठणीत, इजा नाही, तर घर सुरक्षित करून वाट बघा. आठवड्यातून दोनदाहून जास्त, इजा झाली, घराबाहेर गेलं, घोरणं आहे, फिटची शंका आहे, किंवा मोठेपणी नव्यानं सुरू झालं, तर जा. सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा बालरोगतज्ज्ञांकडे. पुढं छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडला विष्णुपुरीचं आणि लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. वही, व्हिडिओ आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. रात्रभर तारा लावून करायची झोपेची तपासणी लेकरांना सहसा लागत नाही. श्वास अडत असेल, किंवा वरच्या बाबांसारखी गोष्ट असेल, तिथं ती लागते. अपघात, मारहाण, घरातला मृत्यू यानंतर भयंकर स्वप्नं पडत असतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

लेकरू दिवाळीला मामाकडे किंवा वसतिगृहात जाणार असेल, तर संकोच न करता आधीच सांगा. एका कागदावर चार ओळी पुरतात: झोपेत चालतो, साधारण अकराला. खाली झोपवा, गच्चीवर नाही. उठवू नका, हात धरून अंथरुणाकडे वळवा. सकाळी विषय काढू नका. खाली आपला फोन नंबर लिहा, आणि पिशवीत कपड्यांसोबत घुंगरमाळ टाका.